फिशआयमध्ये दोन डोक्यांची सावली

नवरा खडकातल्या चिरेत छातीभर पाण्यात होता आणि एका हाताने कॅमेरा डोक्याच्या वर धरून होता. दुसऱ्या हाताने त्याने खडक धरला होता, पण तिथे शेवाळ होतं. हात लागत होता आणि सुटत होता. मुलगी पोटावर आडवी पडून खाली वाकली होती. मी तिच्या पायांवर बसले होते, कारण नाहीतर तीही खाली गेली असती.

"आधी हा घे," नवरा म्हणाला.

"बाबा, जाऊ दे तो. हात द्या तुमचा."

"घे म्हणतो ना. आणि काच वर ठेव. खाली टेकवू नकोस."

"अहो, तुम्ही मेलात तर त्या काचेचं काय लोणचं घालू?" मी म्हणाले.

"तू गप. तुला त्यातलं काय कळतं?"

तेवढ्यात लाट आली. चिरेतलं पाणी वर चढलं, त्याचं तोंड बुडालं, कॅमेरा तेवढा वर राहिला. पाणी उतरलं तेव्हा तो खोकत होता. मुलीने कॅमेरा घेतला आणि मागे माझ्याकडे सरकवला. मी तो मांडीत घेतला. काच वर करून घेतला, त्याने सांगितलं तसा. का घेतला ते मला माहीत नाही. जन्मभराची सवय.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती, उधाणाची भरती चढत होती. पाणी आलं की थांबत नव्हतं, दर खेपेला थोडं वर जात होतं. चिरेला वर यायला कुठे पायरी नव्हती. त्याचा डावा पाय हलत नव्हता, पण हे त्याने आम्हाला अजून सांगितलं नव्हतं.

तो तिथे कसा पडला, हे लोक मला अजून विचारतात. मुरुडच्या एसटी स्टँडवर विचारतात, बाजारात विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायका विचारतात. सांगून सांगून मी थकले. म्हणून एकदा लिहून टाकते. मुलगी म्हणाली, ती टाईप करील.

माझा नवरा लग्नांचा फोटोवाला. स्टँडच्या मागे आमचा लहानसा स्टुडिओ होता. आत पासपोर्टचे फोटो निघायचे, बाहेर लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका. ज्यांनी हे काम जवळून बघितलेलं नाही त्यांना कळत नाही, की वरातीतला फोटोवाला उलटा चालतो. वरात पुढे येते आणि तो तिच्यासमोर मागे मागे जातो. तोंड नवरा-नवरीकडे, पाठ रस्त्याकडे. मागे गटार असतं, जनरेटरची वायर असते, झोपलेलं कुत्रं असतं. आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो असा एका उघड्या गटारात पडला आणि फ्लॅश फुटला. तेव्हापासून मी त्याच्याबरोबर जायला लागले.

माझं काम एकच. मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि त्याला वळवायचं. डावीकडे ओढलं की डावीकडे जायचं. खाली दाबलं की थांबायचं. वर उचललं की मागे पायरी आहे. बोलून उपयोग नसायचा, बँडमध्ये ऐकू येत नाही. लोक हसायचे. बायका म्हणायच्या, "बघा, बैल हाकतेय." मी म्हणायचे, "बैल असता तर शेण तरी मिळालं असतं."

असं मी पोर कडेवर घेऊन केलं, पोर शाळेत गेल्यावर केलं, ती कॉलेजात गेल्यावरही केलं. मला फोटोंची आवड नव्हती, आजही नाही. पण मी मागे असले की तो मागे बघत नसे. त्याची मान वळायचीच बंद झाली. मागे सरायचं तर बिनधास्त सरायचं, कोणीतरी धरलेलं आहे.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. वरातीत प्रत्येक जण आपला आपण फोटो काढायला लागला. स्टुडिओच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात. नवरा घरी बसला. घरी बसलेल्या फोटोवाल्याचा फार त्रास. मी भाकरी थापत असले की दारात उभा राहून सांगायचा, "इथे उजेड चांगला नाही." मी म्हणायचे, "भाकरीला चालतो."

मुलीने त्याचं काम उचललं, पण आपल्या पद्धतीने. तिने लग्न केलं नाही, आणि लग्नांचे फोटोही ती काढत नाही. ती फिरण्याचे फोटो काढते. नागावची होमस्टे, मुरुडची लॉजं, खाडीवरची फेरीबोट, किल्ले, नारळीच्या वाड्या. लोक फोनवर ते बघतात आणि सुट्टीला कुठे जायचं ते ठरवतात. तिला फिशआय लेन्स हवी होती.

फिशआय म्हणजे माशाचा डोळा, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "मासा घेताना डोळा बघतात, ते ठीक. नुसता डोळा कोण विकत घेतं?" नवऱ्याला हे फार आवडलं. येईल त्याला सांगत सुटला.

अलिबागला एक फोटोवाला धंदा बंद करून सामान विकत होता. आम्ही तिघं एसटीने गेलो. त्याने टेबलावर दोन लेन्स ठेवल्या. दोन्हींची पुढची काच बाहेर फुगलेली, ताज्या सरंगा माशाच्या डोळ्यासारखी. पहिलीतून बघितलं की सगळं गोल दिसायचं. विहिरीत वाकून खालचं पाणी बघावं तसं, मध्ये जग आणि भोवती काळं. दुसरीतलं चित्र कोपऱ्यापर्यंत भरलेलं होतं. नवऱ्याला गोलवाली हवी होती.

"ही घे. असा फोटो इकडे कोणाकडे नसेल."

"नसणारच बाबा. गोल फोटो बघून माणूस एकदा हसतो, दुसऱ्यांदा बघत नाही. मला रोजच्या कामाला हवी."

"रोजच्या कामाला? मग घे ती. खोल्यांचे फोटो काढ तिने. एवढीशी खोली हॉलएवढी दिसेल."

"आणि माणसं येऊन बघतील तेव्हा शिव्या कोण खाईल? खोल्यांना ही लावायचीच नाही."

 मुलीने दोन्ही लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं. आमच्या हवेत काचेला आतून बुरशी लागते. गोलवालीच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. त्यामुळे भांडण तिथेच मिटलं. पुढची काच मी तिला नीट बघायला सांगितली, कारण अशा फुगीर काचेवर जपायला दुसरी साधी काच बसवता येत नाही. उडालेलं खारं पाणी, वाळू, बोटं, सगळं थेट तिच्यावर. ती म्हणाली, "बघितलं आई, ओरखडा नाही." मग आम्ही वडापाव खाल्ला आणि परत आलो.

ती लेन्स वापरायला शिकताना घरात रोज वादावादी. नवऱ्याला वाटायचं हे आपल्याला येतं. ते त्याला येत नव्हतं. मुलीची दोन गोष्टींवर सगळी भिस्त होती. एक, समुद्राची रेघ फोटोच्या बरोबर मध्ये ठेवायची. मध्ये असली की ती सरळ राहते, वर किंवा खाली गेली की धनुष्यासारखी वाकते. दुसरी, जवळ जायचं. फार जवळ. त्या लेन्समध्ये समोरची वस्तू हातभर अंतरावर असली तर मोठी दिसते, आणि तिच्यापासून थोडी लांब असलेली गोष्ट पार लहान होऊन लांब जाते. त्यामुळे मागे सरायची गरजच नाही, सगळं आधीच मावलेलं असतं.

पण नवऱ्याने आयुष्यभर सगळ्यांना मावून घ्यायला पाय मागे टाकले होते. नवरदेवाची आत्या राहिली, एक पाऊल मागे. मावशी राहिली, अजून एक पाऊल.

"बाबा, पुढे जा. पुढे."

"जातो ना."

"तुम्ही मागे चाललाय."

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीवर तिने चांगले फोटो काढले. मोटारसायकली, बुरखेवाल्या बायका, कोंबड्यांचा पिंजरा, खाडीचे दोन्ही किनारे, सगळं एका फोटोत. मी एका टोकाला उभी होते तर भोपळ्यासारखी फुगून वाकडी आले. नवरा म्हणाला, "मध्ये उभं राहायचं. टोकाला राहिलं की या लेन्समध्ये असंच होतं." मी म्हणाले, "मला मध्ये उभं राहायला कधी सांगितलं होतं कोणी?" नारळाच्या वाडीत मुलगी उताणी झोपली आणि वर बघून फोटो काढला. सगळी झाडं तिच्यावर वाकून बघतायत असं आलं. तो फोटो मलाही बरा वाटला. तो कुठल्यातरी जाहिरातीत लागला.

नवऱ्याने काढलेल्या फोटोंत मात्र एक खोट सारखी यायची. ही लेन्स एवढं रुंद बघते की ऊन पाठीमागे असलं की काढणाऱ्याची सावली फोटोत येतेच. आणि मी त्याचा पट्टा धरून मागे. तर सकाळच्या उन्हात आमची एकच लांब सावली वाळूवर पडायची, तिला दोन डोकी. शिवाय वारा सुटला की माझा पदर त्याच्या बगलेतून पुढे उडायचा आणि कडेला लाल फडकं यायचं.

"हा कोण राक्षस?" मुलगी फोटो मोठा करून हसायची.

"तुझी आई."

"दुसरं डोकं तुमचं आहे," मी म्हणायचे.

मग त्याने मला पट्टा सोडायला लावलं. "ही लेन्स लावली की तू बाजूला हो. लांब, पाठीमागे. मी काय आंधळा आहे?" मी बाजूला झाले. मला बरंच वाटलं, हात दुखायचा. त्यात मला काही बोचत नाही, आणि बोचावं असं वाटणाऱ्यांनी एकदा तो पट्टा धरून अख्खी वरात चालून बघावी.

तर ती सकाळ. मुरुडच्या पुढे खडक आहेत, ओहोटीला ते लांबवर उघडे पडतात. तिथे बायका कालवं काढायला येतात. खडकाला चिकटलेली शिंपली फोडून आतलं मांस काढायचं, वाकून, तासन् तास. मुलीकडे कोणीतरी खडक, कालवंवाली, मागे समुद्र आणि लांब किल्ला असा फोटो मागितला होता. नवरा आदल्या संध्याकाळपासून मागे लागला, "हा एक मी काढतो. एकच." ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण नाही म्हणायला तिचाही बाप तो एकच.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरंच लांब होतं. एक कोळीण एकटीच कालवं काढत होती, पन्नाशीची असेल. मुलीने तिला विचारलं, फोटो काढू का.

"काढा. पन मी उठनार न्हाय, माझं काम हाय."

"उठायचं नाहीच," नवरा खूश होऊन म्हणाला.

त्याने कॅमेरा घेतला. ऊन पाठीमागून, समुद्र समोर. मी लांब एका खडकावर बसले. मुलगी त्याच्या बाजूला, तीही फोटोत येऊ नये म्हणून थोडी मागे. त्याने पुष्कळ वेळ लावला. कधी रेघ वाकडी, कधी टोपली अर्धी. दर वेळी मुलगी मागच्या पडद्यावर बघायची आणि सांगायची, अजून जवळ.

आता मला वाटतं, त्या दोघांनाही भरती कळली नाही ती त्या लेन्समुळे. पडद्यावर समुद्र दोऱ्याएवढा दिसत होता. दोघं त्या पडद्यातच बघत होते. तो दोरा कोणाचं काय बिघडवणार? खऱ्या डोळ्यांनी बघितलं असतं तर पाणी खडकांच्या फटीफटींतून बाजूने आत यायला लागलं होतं, आणि त्याच्या मागच्या चिरेतही चढलं होतं. कोळीण म्हणाली, "आता आटपा. मी निघाले." नवरा म्हणाला, "एक, बाई, एकच."

त्याच्या सावलीचं डोकं तिच्या टोपलीवर पडलं होतं. तेवढं काढायला हवं होतं. खाली बसला असता तरी सावली आखूड झाली असती. मुलगी म्हणाली, "बाबा, बसून घ्या." पण त्याच्या पायांना एकच ठाऊक. एक पाऊल मागे. सावली टोपलीवरून सरकली. अजून एक पाऊल मागे. मी उठून ओरडले, पण वारा समुद्राकडून होता. तिसरं पाऊल चिरेत गेलं.

मान वळवून एकदा बघितलं नाही. चाळीस वर्षं मागे गटार असलं की पट्टा दाबला जायचा, त्या दिवशी दाबला गेला नाही, म्हणजे मागे रस्ता आहे.

बाकी सुरुवातीला सांगितलंच. कॅमेरा वर आल्यावर मुलीने बरोबर आणलेला ट्रायपॉड, कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, खाली सोडला. नवऱ्याने स्टँडचा एक पाय धरला आणि तो पाय लांब होत होत खाली निघाला, कारण क्लिपा उघड्या होत्या.

"क्लिपा बंद केल्या नाहीस?" तो चिरेतून म्हणाला.

"बाबा, तुम्ही आता शिकवू नका."

"कधी शिकवू मग?"

तिने वर ओढून क्लिपा लावल्या आणि परत सोडला. त्याने तो चिरेत आडवा अडकवला आणि त्यावर दोन्ही हात टाकले. त्यामुळे पुढच्या लाटेला तो बुडाला तरी गेला नाही. वर आल्यावर म्हणाला, "पाय नाही माझा." तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. तोवर रागच होता.

कोळीण टोपली टाकून आली. तिने खाली बघितलं आणि मुलीला बाजूला ढकललं.

"काकी, असं वढू नका. वजन हाय त्याचं. पानी येऊ द्या. पानी त्याला उचलंल, तवा धरा. व्हय ना?"

"त्यांचा श्वास पुरेल का?" मी विचारलं.

"पुरवंल. बोलतोय किती तो."

मी पोटावर झोपले. माझा हात लांब, मुलीपेक्षा लांब. कोळणीने माझी कंबर धरली, मुलीने माझे पाय. लाट आत आली आणि पाणी वर यायला लागलं, हिरवं, फेसाचं. नवरा त्याबरोबर वर आला. मी त्याच्या पाठीमागे हात घातला आणि पट्टा धरला. तो शोधावा लागला नाही. वर उचललं. वर उचललं की पायरी आहे, हे त्याला कळतं. त्याने चांगला पाय खडकावर टेकवला. माझ्या खांद्यात काहीतरी तुटलं, आवाज आला. मी सोडलं नाही. तिघींनी ओढून त्याला वर घेतलं तेव्हा तो ओरडला आणि मग कॅमेरा कुठे आहे विचारलं.

कॅमेरा मी खडकावर ठेवला होता. काच वर करून.

पुढचं लांबलचक आणि कंटाळवाणं आहे. टेम्पोत घालून दवाखाना, मग अलिबाग, खुब्याचं हाड, ऑपरेशन, आतमध्ये स्टीलची पट्टी. महिनोन् महिने त्याची आंघोळ, त्याचं भांडं, त्याची कुरकूर. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. माझे केस मुलगी विंचरते, आणि ती ओढते. नवरा वॉकर घेऊन चालतो. डॉक्टरांनी सांगितलं, मागे कोणीतरी राहा, पडला तर परत मोडेल. त्यामुळे संध्याकाळी तो अंगणात चालतो आणि मी डाव्या हाताने पट्टा धरून मागे असते. ते बघून शेजारची म्हणाली, किती प्रेम. मी तिला म्हटलं, तू येतेस का उद्यापासून?

कोळणीची टोपली त्या भरतीत गेली, सकाळभराची कालवं आणि हत्यार त्यात होतं. तिला विचारायला कोणी जात नाही, सगळे आम्हालाच विचारतात. मी नवी टोपली घेऊन गेले. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, पहिली बरी होती. पण ठेवून घेतली.

लेन्सच्या काचेवर खारं पाणी उडालं होतं, मुलीने ती मऊ फडक्याने हळूहळू पुसली. एक बारीक ओरखडा राहिला. ऊन समोरून असलं की तिथे पांढरा डाग येतो, म्हणून आता ती ऊन पाठीमागे ठेवते आणि खाली बसून फोटो काढते. कोणाला बरोबर नेत नाही. मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

नवऱ्याने काढलेला शेवटचा फोटो निघाला. त्याने तो बघायला मागितला, तेव्हा मुलीने कॉम्प्युटर त्याच्या खाटेवर आणला. मीही बघितला. कोळीण मोठी, टोपली मोठी, कालवांच्या ओल्या शिंपल्या हातात घ्याव्यात अशा. किल्ला पार लांब, सुपारीएवढा. पाणी म्हणजे नुसती एक रेघ. खाली त्याची सावली, एका डोक्याची, टोपलीपासून सुटलेली.

"रेघ बघ," तो म्हणाला. "सरळ आहे."

"आहे," मुलगी म्हणाली.

"आईला दाखव."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "जेवायला उठा."

तो फोटो आता एका लॉजच्या भिंतीवर आहे. लोक त्याच्यासमोर उभं राहून आपले फोटो काढतात.

चिरेत नवरा होता. वर मी, मुलगी आणि कोळीण होतो. चौघंही जिवंत आहोत.